बाबांनी आयुष्यभर कोळसा जाळला, मी एसीला नाही म्हणून राहिले, मी ढोंगी आहे का काकू?

पत्र थोडक्यात असं आहे. मुलगी 27 वर्षांची, उत्तर नागपुरात राहते, मिहानमध्ये नोकरी. बाबा शहराजवळच्या एका औष्णिक वीज केंद्रातून रिटायर झालेत, 34 वर्षं बॉयलरच्या बाजूला काम केलं, मागच्या दिवाळीनंतर अँजिओप्लास्टी झाली. घर स्वतःचं, बाबांची खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. गेली दोन वर्षं ही मुलगी कोळसा, पेट्रोल, तापमानवाढ यावर खूप वाचून राहिली आहे. स्कूटी सोडली, मेट्रोने जाते, घरात प्लास्टिकवरून रोज भांडण. आता आई आणि भाऊ बाबांच्या खोलीत एसी लावायचं म्हणतात आणि हिने नाही म्हटलं, कूलर आहे ना म्हणे (ज्याची खस दोन वर्षं बदललेली नाही, हेही तिनेच लिहिलंय). वाद वाढला आणि जेवताना तिच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही आयुष्यभर विष जाळलं, आता त्याचीच थंड हवा पाहिजे." बाबा अर्ध्या ताटावरून उठले. तीन आठवडे झाले, धड बोलत नाहीत. भाऊ म्हणाला, तुझं इंजिनिअरिंगपण त्याच कोळशावर झालं. तिचा प्रश्न, मी खरं बोलले की ढोंगीपणा केला, आणि एसीला हो म्हणू का?

अगं, एसी लाव. पहिलं हे, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

आपल्या इथला मे तुला मी काय सांगू. 2013 मध्ये 47.9 पर्यंत गेलेलं गाव आहे हे. मागे 2024 ला तर एका स्वयंचलित केंद्रावर 56 डिग्री दिसलं आणि दिवसभर सगळ्यांच्या फोनवर तेच, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता, पण मला त्यातली गंमत ही वाटली की आपल्यापैकी कोणालाच ते अशक्य वाटलं नाही! तर स्लॅबखालची खोली ही दुपारपेक्षा रात्री जास्त वाईट असते, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. आणि हृदयाचं दुखणं असलेल्या वयस्कर माणसाला रात्रीही शरीर थंड न होणं फार महागात पडतं, कारण त्वचेकडे रक्त ढकलायला हृदयाला रात्रभर जास्त काम करावं लागतं. त्यांच्या डॉक्टरला विचारून घे, पण मला नाही वाटत तो वेगळं काही सांगेल.

कूलरबद्दल तू चुकीची नाहीस. कोरड्या मे महिन्यात आपला कूलर एसीच्या तोंडात मारतो, साधारण दोनशे वॉटचा असतो, म्हणजे रात्रभर दीड-दोन युनिट. पण जून लागला, ढग आले, हवा चिकट झाली की तोच कूलर खोलीत नुसती वाफ भरतो, आणि ते पंधरा-वीस दिवस नागपूरकराला विचार कसे जातात. त्यामुळे दोन्ही ठेवा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी घ्या, 26 वर ठेवा, सोबत पंखा, एक डिग्री वर ठेवली की साधारण सहा टक्के वीज वाचते. आणि एसी लावायच्या आधी गच्चीला पांढरा चुना नाहीतर ते पांढरं कूल रूफचं कोटिंग मारून घ्या. सगळे एसी आधी घेतात आणि छताचं पुढच्या वर्षी बघू म्हणतात, मग दीड टनाचा घेऊनही खोली थंड होत नाही.

आता तुला जे खरं बोचतंय त्याकडे येते.

तू विचारलंस म्हणून हिशोब करू. एक टनाचा एसी आठ तास म्हणजे साधारण पाच-सहा युनिट. देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज कोळशावर होते, आणि एका युनिटला साधारण पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो, आपला कोळसा काही फार चांगला नाही. म्हणजे रात्रीचा चार किलो धर. त्यात राख तीस-चाळीस टक्के, म्हणजे सकाळी उठल्यावर कुठेतरी सव्वा-दीड किलो राख तयार झालेली असते, आपण कणीक मळतो त्या परातीत शिगोशीग होईल एवढी. मला वाटतं हे आकडे घरात बोलायला हरकत नाही, उलट बोलावेतच. पण "चार किलो कोळसा" हे एक वाक्य आहे आणि "तुम्ही विष जाळलं" हे दुसरं वाक्य आहे, आणि तू पहिलं मनात ठेवून दुसरं बोललीस.

ढोंगी आहेस का? बघ, तुझ्या पत्रात एक गोष्ट तू धरूनच चालली आहेस, की या सगळ्यातून अंग काढून घेता येतं. स्कूटी सोडली की थोडी बाहेर, एसी नाही घेतला की अजून थोडी बाहेर. मी तुझी एक सकाळ सांगते. ब्रशचा दांडा तेलातून निघालेला. दुधाची पिशवी तीच. पोहे ज्या धानाचे त्याला युरिया घातलेला, आणि युरिया बनतो नैसर्गिक वायूतून, हवेतला नायट्रोजन पकडून अमोनिया करायची ती पद्धत हाबर आणि बॉश नावाच्या दोन जर्मन माणसांनी बसवली, 1913 मध्ये त्याचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला, आणि आज जगातली जवळपास निम्मी माणसं त्या खतावर पिकलेलं खातात. पोहे ज्या गॅसवर केले त्यातला निम्म्याहून जास्त आपण बाहेरून आणतो, बराचसा आखातातून जहाजाने. मग रस्ता, डांबर म्हणजे कच्च्या तेलाचा गाळ. मग तुझी मेट्रो, ती विजेवर चालते हे तर आहेच, पण ज्या खांबांवरून चालते त्यातलं लोखंड कोळशाशिवाय वितळलं नाही आणि सिमेंट भट्टीशिवाय झालं नाही. ऑफिसात पोचेपर्यंत तू दहा वेळा त्याच भट्टीतून गेलीस आणि अजून चहापण झाला नाही.

हे मी तुला हरवायला सांगत नाही आहे. भावाचं जे म्हणणं आहे ना, "त्याच कोळशावर शिकलीस म्हणून गप बस", ते मला अजिबात पटत नाही. ज्या घराने एका विहिरीचं पाणी पन्नास वर्षं प्यालं, तिच्यात काही मरून पडलंय हे सांगायचा पहिला हक्क त्याच घराचा. फक्त सांगताना आपणही प्यालो आहोत हे विसरायचं नाही, एवढंच.

आणि एवढे सगळे या कोळशा-तेलाला का चिकटून बसलेत, हेपण नीट बघ, कारण नुसतं लोभ-लोभ म्हणून ते समजत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. त्यातली तीन चतुर्थांश इंजिन नुसती गरम होण्यात घालवतं, चाकापर्यंत पोचते ती दोन-सव्वादोन. एक धडधाकट माणूस दिवसभर खोदकाम करून अर्धा युनिट काम करतो. म्हणजे शंभरेक रुपयांच्या त्या लिटरमध्ये, एवढी नासाडी होऊनही, एका मजुराची चार दिवसांची मेहनत आहे! आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी एवढी मेहनत फक्त मालगुजाराला मिळायची, बाकीच्यांना ती करावी लागायची.

माझी आजी नागपूरच्या महाल भागात वाड्याच्या मागच्या अंगणात शेगडी पेटवायची. कोळशाची चुरी आणि शेण कालवून गोळे करायचे, उन्हात वाळवायचे, शेगडी अंगणात ठेवून धूर जाईपर्यंत वारा घालायचा, मग आत न्यायची. तिच्या माजघराच्या भिंतीवर एक काळा पट्टा होता, बरोबर तिच्या डोक्याच्या उंचीवर, कितीही चुना मारला तरी दिवाळीपर्यंत परत दिसायचा. मग रॉकेलचा स्टोव्ह आला, रेशनच्या रांगा आल्या, मग नंबर लावून कित्येक वर्षांनी गॅस. गॅस आला त्या दिवशी तिने सिलेंडरला हळदीकुंकू लावलं होतं. त्या बाईला मी काय सांगणार की हे विष आहे? तिच्यासाठी विष आधीचं होतं, ते तिच्या छातीत बसलेलं होतं, शेवटची दहा वर्षं खोकत गेली ती.

म्हणून तुझ्या दुसऱ्या गृहीतावर मला बोलायचंय. तू असं धरलंस की सत्य तुला माहीत आहे आणि बाबांना ऐकवायचं आहे. अगं, 34 वर्षं! पावसाळ्यात ओला कोळसा बंकरमध्ये अडकला की काय होतं, कोळशाबरोबर दगड आले की तो दळणाऱ्या मिलचं काय होतं, संच ट्रिप झाला म्हणजे अचानक बंद पडला की रात्री तीन वाजता कोण पळतं, चिमणीतून काय निघतं आणि ते कधी जास्त निघतं, हे त्या माणसाला तुझ्या-माझ्यापेक्षा शंभर पटीने माहीत आहे. तू दोन वर्षं वाचलंस, त्यांनी ते नाकातोंडात घेतलं. सी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, करून सकाळी घरी आल्यावर त्यांच्या शर्टाची कॉलर कशी असायची, आईला विचार. त्यांना सगळं ठाऊक असूनही ते जात राहिले, कारण तुम्ही दोघं होतात, आणि कारण त्या काळात विदर्भात लोडशेडिंगने गावंच्या गावं आठ-दहा तास अंधारात असायची आणि संच चालू ठेवणं हे इज्जतीचं काम होतं. तू "विष" म्हणालीस तेव्हा त्यांना विज्ञान ऐकू आलं नाही, ती 34 वर्षं कोणीतरी नाल्यात फेकली असं ऐकू आलं असणार.

पण मग "बिचारे बाबा" म्हणून विषय संपवायचा का, तर तेही नाही. तुला राग आलाय तो खरा आहे, फक्त तो चुकीच्या ताटावर पडला.

तो कुठे पडायला पाहिजे ते बघ. कोराडी, खापरखेडा, तिकडे चंद्रपूर, एवढी वीज आपल्या अवतीभवती तयार होते आणि बरीचशी तारांवरून पुण्या-मुंबईकडे जाते, राख मात्र इथेच राहते. जुलै 2022 च्या पावसात खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा राखेचं पाणी शेतात आणि नदीत शिरलं. ज्यांच्या शेतात शिरलं त्यांच्या घरी एसी किती होते? कोराडी रोडच्या बाजूला माझी एक मावसबहीण राहते, तिच्या तुळशीच्या पानावरून बोट फिरवलं की करड्या रंगाची रेघ येते, धुतलेले पांढरे कपडे ती गच्चीवर घालतच नाही. वीज केंद्रांच्या धुरासाठी केंद्राने डिसेंबर 2015 मध्ये कडक नियम काढले होते, दोन वर्षांत पाळायचे होते, मग मुदत वाढली, परत वाढली, परत वाढली. आता सांग, यात तुझे बाबा कुठे आहेत? मुदतवाढीच्या कागदावर बॉयलर ऑपरेटरची सही नसते.

आणि एक गोष्ट मी तुझ्याकडूनही ऐकली नाही आणि भावाकडूनही नाही, ती सगळ्यात अवघड आहे. समजा उद्या हे सगळं बंद करायचं ठरलं. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं हेडऑफिस आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे, उमरेड, सावनेर, कामठी, वणी, इकडच्या खाणींवर किती घरं जगतात, पर्मनंटवाले राहू दे, ते निदान पेन्शन घेऊन बसतील, पण कंत्राटी कामगार, ट्रकवाले, टायर पंक्चरवाला, गेटसमोरची तर्रीपोह्याची गाडी? बंद करा म्हणणाऱ्यांकडे या गाडीवाल्यासाठी उत्तर नसतं, आणि चालू ठेवा म्हणणारे त्याच गाडीवाल्याला पुढे करून आपला धंदा वाचवतात. मला दोघांचाही राग येतो.

सोलर म्हणशील, तर जरूर लावा, घर स्वतःचं आहे. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजार सबसिडी मिळते, आपल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास निघतात, एसीचा हिशोब आरामात भागतो. (फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पण वाचा, सोसायटीच्या लिफ्ट-पंप-जिन्याच्या विजेसाठी किलोवॉटमागे 18 हजार आहेत, फक्त सेक्रेटरीच्या मागे लागावं लागतं.) पण लावल्यावर आपण सुटलो असं समजू नको. तुमची वीज दुपारी ग्रिडमध्ये जाईल आणि बाबांचा एसी रात्री अकराला कोराडीच्या कोळशावरच चालेल, बिलात युनिट शून्य दिसतील पण भट्टी थांबलेली नसेल. आणि ते पॅनल ज्या सिलिकॉनचं, तेही कोळसा घालूनच वितळवलंय. तरी लावायचं, कारण पॅनल तयार करताना जेवढी ऊर्जा लागली ती ते दोन-अडीच वर्षांच्या आत परत देतं आणि मग पंचवीस वर्षं चालतं, कोळशाला ही गंमत जमत नाही, तो एकदाच जळतो.

मग काय करायचं? घरातल्यांच्या चुका मोजणं आधी बंद कर. तू स्कूटी सोडलीस ते छान, पण खापरी स्टेशनपासून ऑफिसपर्यंत मे महिन्यात चालत जातेस आणि चक्कर आली होती असंही लिहिलंयस, हे मला आवडलं नाही. ऑफिसात तुझ्यासारखे वीस-पंचवीस जण असतील, सगळ्यांनी सह्या करून एचआरकडे स्टेशन ते ऑफिस शटल मागा. एकटीने उन्हात चालून जेवढं पेट्रोल वाचतं त्याच्या कितीतरी पट त्या एका अर्जाने वाचेल, आणि तुझा जीवही.

दुसरं, कोराडीला 660 मेगावॉटचे अजून दोन संच लावायचे म्हणून मे 2023 मध्ये जनसुनावणी झाली होती. अशी सुनावणी असली की महिनाभर आधी पेपरमध्ये जाहिरात येते, प्रकल्पाचा गोषवारा मराठीत मिळतो, आणि कोणीही तिथे जाऊन बोलू शकतं, नाही जमलं तर लेखी देऊ शकतं. किती जण वाचतात? मी स्वतः एकदाच पूर्ण वाचला आणि निम्मा मला कळला नाही. तुझ्या घरात तो कळणारा माणूस आहे. राख किती निघणार, कुठे टाकणार, पाणी किती ओढणार, या आकड्यांत कुठे पाणी मुरतंय हे बॉयलरवर 34 वर्षं काढलेला माणूस दहा मिनिटांत सांगेल.

आता बाबांशी कसं बोलायचं. "मला माफ करा पण" असं सुरू करू नको, त्या "पण"ने सगळी वाट लागते. वाक्य चुकलं एवढं म्हण आणि थांब. ते लगेच विरघळतील असं नाही, आपल्याकडची ही पिढी माफ केलं असं तोंडाने म्हणत नाही, दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी संत्री सोलून ठेवतील, त्यावरून समजून घ्यायचं. मग आठ-दहा दिवसांनी, शांत असतील तेव्हा, त्यांना खरंच प्रश्न विचार. तपासायला नको विचारू, तुला माहीत नाही म्हणून विचार. राख कुठे जायची? तुम्हाला कधी भीती वाटली का? खोकल्याचं कोणी तपासलं का तिथे? आणि हेपण विचार की आज तुम्ही 27 चे असता तर तिथेच लागला असता का.

उत्तर काय येईल ते मला सांगता येणार नाही. हो म्हणतील कदाचित. तुला ते आवडणार नाही, ऐकून घे. आणि त्यांच्या बोलण्यात तुला न पटणारं असेल तर वाद घाल ना, वाद घालू नको असं मी कुठे म्हणते, फक्त जेवताना नको, आणि हृदयाच्या पेशंटसमोर आवाज चढवून नको.

आईला या सगळ्यात कोणी काही विचारलं का गं? तुझ्या एवढ्या लांब पत्रात ती फक्त "एसी घ्या" म्हणायला आली आहे. त्या वरच्या खोलीत रात्री तीही झोपते ना?

एसीवाला येईल तेव्हा आउटडोअर युनिट पश्चिमेच्या भिंतीला लावू देऊ नको, दुपारचं ऊन लागलं की वीज जास्त खातो. आणि इतवारीत जाऊन कूलरची खस घेऊन ये, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे, बाबांना सोबत ने, संध्याकाळी सहानंतर.